नजर कागदावर

आमच्या कंपनीच्या भरती परीक्षेत पालवे सर टाइप करत होते. नजर डावीकडच्या कागदावर, बोटं कळफलकावर. पहिल्या ओळीनंतर स्क्रीनवर एक चौकट आली होती. माउसने बटण दाबेपर्यंत ती हटणार नव्हती. सरांना ती दिसली नाही. त्यांची दुसरी ओळ कुठेच उमटली नाही. तिसरीही नाही. पर्यवेक्षक म्हणून मी त्यांच्या मागे उभी होते.

तिसगावला सरांच्या टायपिंग क्लासात मी गेले तेव्हा सतरा वर्षांची होते. सारखी बोटांकडे पाहायचे. सरांनी माझ्या हातांवर पंचा टाकला. "बोटांवर इस्वास ठेव. नजर कागदावर." क्लासात आणखी एक नियम होता. कुणाचे हात चालू असताना बोलायचं नाही. दसऱ्यानंतर आम्ही ऊसतोडीला निघालो, तेव्हा सर ट्रकपाशी आले आणि त्यांनी पुठ्ठ्यावर काढलेला कळफलक माझ्या हाती दिला. फडावरच्या कोपीत, पाचटाच्या झोपडीत, मी पाच महिने त्या पुठ्ठ्यावर टाइप केलं. उन्हाळ्यात टायपिंगची परीक्षा पास झाले. आज मी नगरच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत आहे ती त्यामुळे.

क्लास ओस पडला तेव्हा सर चोपन्न वर्षांचे होते. त्यांनी प्रोग्रॅमिंग शिकायला घेतलं. अडलं की मला फोन करत. विद्यार्थिनीला विचारण्यात त्यांना कधी कमीपणा वाटला नाही. पाच वर्षं अर्ज केले. बोलावणं एकही आलं नाही. शेवटी मी आमच्या कंपनीत शब्द टाकला. सर परीक्षा पास झाले तर त्यांना नोकरी, असं ठरलं. "ह्यो शेवटचा अर्ज," सर म्हणाले होते.

परीक्षा सुरू होण्याआधी शेजारी बसलेल्या मुलाने सरांना विचारलं, "काका, पोराला सोडायला आलात का?"

"पोरगंच मला सोडायला येत हुतं. मी नको म्हनलं."

सरांनी आधी सगळा प्रोग्रॅम पेन्सिलीने कागदावर लिहिला. मग टाइप करायला घेतला. वीस मिनिटं. मला एक शब्द बोलता आला असता. हात चालू होते. मी बोलले नाही.

वेळ संपली. सरांनी मान वर केली.

"ही चौकट कवा आली?"

"पहिल्या ओळीनंतर, सर."

"तू बघत हुतीस?"

"हो."

त्यांनी कागदाची घडी घातली. "म्हंजे मी शिकवलेलं तू इसरली न्हाईस."

तो कागद मी त्यांच्याकडून मागून घेतला आणि कंपनीतल्या साहेबांना दाखवला. प्रोग्रॅम बरोबर होता. पण गुण संगणकावरच्या उत्तरालाच होते.

सर या महिन्यात साठ वर्षांचे होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात अनेकांनी त्यांच्या चिकाटीविषयी लिहिलं आहे. ती चिकाटी मी पाहिली आहे. तिचं काय झालं तेही. सरांना मोठं आयुष्य लाभो, त्यांची नजर आणि बोटं शाबूत राहोत. त्या बोटांना काम मिळो, असं लिहायला मी धजत नाही.

परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला सरांनी क्लास उघडला. टाइपरायटर पुसले. अकराला बंद केला. कोणी आलं नव्हतं.