जिच्या नावापुढे सर्वांत जास्त शेरे

सेक्रेटरीसाहेबांनी भेटवही माझ्यासमोर सरकवली आणि यशोदाच्या पानावर बोट ठेवलं.

"बाई, अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"मग कमी करायचं नाव ठरलंच की."

अमरावतीला आमच्या संस्थेच्या ऑफिसात ही मिटिंग चालली होती. महाराष्ट्र राज्य नुकतंच झालं होतं. संस्था अमरावती-अकोल्याच्या खेड्यांत बालवाड्या चालवायची. सातवी झालेल्या मुलींना थोडं ट्रेनिंग देऊन तिथे बालसेविका नेमायची. पण थोड्या ट्रेनिंगने कोणी शिक्षिका होत नाही. चाळीस पोरं एकदम रडायला लागली की शिकलेलं सगळं विसरतं. म्हणून सरकारने वेगळी ग्रँट दिली होती. एका जाणत्या बाईने गावोगाव जावं, नवख्या मुलीच्या वर्गात बसावं, ती कुठे अडते ते बघावं, स्वतः करून दाखवावं. ती जाणती बाई म्हणजे मी. हुद्दा सुपरवायझरचा, काम थोरल्या बहिणीचं.

ग्रँटची एक अट होती. प्रत्येक भेटीचा शेरा वहीत लिहायचा. काय पाहिलं, काय सुधारायला हवं, ते.

त्या साली ग्रँट कमी होऊन आली. एक बालवाडी बंद करावी लागणार होती. सगळ्यात कच्ची बालसेविका कोण, एवढंच मिटिंगला ठरवायचं होतं. साहेब वकिली सोडून संस्थेत आलेले. लेखी असेल तेच खरं, असा त्यांचा खाक्या.

आता यशोदाचं सांगते. मूर्तिजापूरच्या पुढे एका गावातली ही मुलगी. घरचे नव्यानेच बौद्ध झालेले, आईबाप दुसऱ्यांच्या शेतात मजुरीला. त्यांच्या वस्तीत पगाराची नोकरी लागलेली ती पहिलीच. सुरुवातीला गावातल्या शेतकऱ्यांच्या बायका पोरांना तिच्या बालवाडीत पाठवत नव्हत्या. पाठवलं तरी पोरं आपापली वाटी घरून आणायची आणि भुकटीचं दूध लांब बसून प्यायची. यशोदा कोणाशी भांडली नाही. दुधाच्या आधी ती गाण्याचा गोल करायची आणि गाणं संपलं की गोल मोडूच द्यायची नाही. सहा महिन्यांत सगळी पोरं मांडीला मांडी लावून दूध पिऊ लागली. मी तीस वर्षं हे काम केलं, पण अशी हातोटी मला दुसरीकडे दिसली नाही.

म्हणूनच मी तिच्याकडे सगळ्यात जास्त वेळ बसायची. शेरेही भरभरून लिहायची. गोष्ट सांगताना घाई होते. मुलाचं उत्तर पुरं होऊ देत नाही. लाजऱ्या मुलींकडे लक्ष कमी. जिच्याकडून आशा होती तिच्याच चुका मला दिसत होत्या.

आणि बाकीच्यांच्या पानांवर? "ठीक." "समाधानकारक." काही गावांत मी एसटीतून उतरायची, चहा घ्यायची, सही करायची आणि त्याच एसटीने परत निघायची. त्या सगळ्या जणी कागदावर समाधानकारक होत्या.

"साहेब, ही मुलगी सगळ्यांत चांगली आहे," मी म्हटलं.

"मग लिहिलं का नाही तसं? इतरांच्या पानावर तर एक दोष नाही."

या प्रश्नाला एकच खरं उत्तर होतं. इतरांचे वर्ग मी धड पाहिलेच नाहीत. तेवढं बोलले असते तर यशोदा वाचली असती आणि माझी नोकरी गेली असती. मी पाण्याचा ग्लास उचलला. साहेबांनी पुढचा विषय घेतला.

ऑर्डर घेऊन मीच गेले. यशोदाने ती वाचली. मग कपाटातून एक वही काढून माझ्यासमोर धरली. माझा प्रत्येक शेरा तिने त्यात उतरवून घेतला होता आणि सुधारणा झाली की समोर बरोबरची खूण केली होती. एकच खूण राहिली होती, लाजऱ्या मुलींची.

"बाई, हे सारं तं सुधारलं म्या. हे एकच रायलं. मंग कावून काढलं मले?"

"वरून कपात आली, यशोदा."

"कपात तं समद्याईले आली असंन. मीच कावून?"

मी म्हटलं, "वरचा हुकूम आहे." तिने मान हलवली आणि माझ्यासाठी चहा ठेवला. तो चहा मी प्यायले, याची मला आजही लाज वाटते.

बालवाडी बंद झाली. यशोदा आईबरोबर निंदणीला जाऊ लागली. पुढे मी त्या गावाला गेले नाही. जायचं कारण नव्हतं, असं मी स्वतःला सांगत आले.

नंतर नव्या सुपरवायझरना शिकवायचं काम माझ्याकडे आलं. चुका मुलीजवळ बसून तोंडी सांगा, वहीत आधी तिचे गुण लिहा आणि वर्ग पाहिला नसेल तर सही करू नका, असं मी प्रत्येक बॅचला सांगायची. हे कुठून शिकलात, असं एकीने विचारलं. मी म्हटलं, "अनुभवातून." यशोदाचं नाव मात्र मी तिथेही घेतलं नाही.