खोबरेल प्यायलेला पाट

आमच्या वटार गावच्या घरात खोबरेलाने सुधारली नाही अशी एकच गोष्ट होती, ती म्हणजे मी. बाकी डोकं दुखो, टाच फुटो, दाराची बिजागरी कुरकुरो, आई खोबरेलाची बाटली पुढे करायची. नारळ वाडीतलेच, मग हात कशाला आखडायचा? हे आधीच सांगते, कारण पुढच्या फजितीचा अर्धा दोष मी त्या बाटलीवर ढकलणार आहे.

स्वातंत्र्याला तीन-चार वर्षं झाली असतील. शाळेत हस्तोद्योगाच्या तासाला मुलींनी कशिदा काढायचा आणि मुलांनी सुतारकाम करायचं, असा नियम होता. मी काढलेला मोर बाईंना कोंबडी वाटला, तोही बराच वेळ निरखून पाहिल्यावर. मी तडक सुतारकामाच्या गुरुजींकडे गेले. "मला रंधा मारायचाय!" केवढा तो ठसका! अंगात बळ म्हणाल तर साधा नारळ सोलता येत नव्हता.

गुरुजी हसले तरी मिशीतच हसायचे. म्हणाले, "दोन फळ्या जोडून पाट कर. जोड टिकला तर राहा इथे. सुटला तर मुकाट्याने सुई धर."

फणसाच्या दोन पिवळ्या फळ्या मिळाल्या. लाकूड चिकटवायच्या सरसाचे खडे भिजवून, भांड्यात भांडं ठेवून गुरुजी ते शिजवत. वास असा, की पलीकडच्या कशिद्याच्या वर्गाच्या खिडक्या धाडधाड लागायच्या. कामाचा क्रम त्यांनी तीनदा सांगितला. आधी सरस लावायचा, काथ्याच्या दोरीने आवळायचं, पाचर मारायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. मग काचकागदाने घासायचं. अगदी शेवटी अळशीचं तेल, फडक्याने, पातळ.

तिन्ही वेळा मी मान डोलावली. पण फळ्या घरी आणल्या आणि तेलाने रंग कसा खुलतो ते पाहायचा मोह आवरेना. म्हटलं, शेवटी तेलच लावायचंय ना? आपण दोन पावलं पुढे असलेलं बरं. अळशीचं नव्हतं, खोबरेल होतं. आधी बोटभर लावलं, मग वाटीभर. कडासुद्धा सोडल्या नाहीत. फळ्या हळद लागलेल्या नवरीसारख्या दिसू लागल्या. सकाळी त्या पुसून शाळेत नेल्या आणि गुरुजी सरस ढवळण्यात गुंतले असताना जोडून आवळल्या.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर दोरी सोडली. गुरुजींनी पाट उचलला. म्हणजे अर्धा उचलला. उरलेला जमिनीवरच होता.

"सरस कच्चा राहिला असेल," मी म्हणाले. सरस गुरुजींनीच शिजवला होता, हे बोलून गेल्यावर आठवलं.

त्यांनी फळीची कड नाकाशी नेली, मग माझ्या वेणीकडे पाहिलं. "बये, तुझ्या वेणीला आणि या फळीला एकच वास कसा?"

वर्ग खदखदला. मी रडले नाही, नुसतं नाक गळत होतं, असं मी पुढे बरीच वर्षं सांगत असे. "गुरुजी, सुई नको," एवढंच कसंबसं म्हणाले.

"तेल प्यायलेल्या लाकडाला सरस धरत नाही. कडांना रंधा मार, वास जाईस्तोवर. मग एकदाच जोडायचं. परत सुटलं तर तुझं तूच पलीकडच्या वर्गात जायचंस."

तीन दिवस रंधत होते. दर थोड्या वेळाने कड हुंगायची, वास यायचाच. पुन्हा रंधा. फळ्या बारीक होत चालल्या. तिसऱ्या संध्याकाळी डोक्यात उजेड पडला: वास माझ्याच वेणीचा होता!

सकाळी आईला म्हटलं, "आज तेल नको." आईने घाबरून कपाळाला हात लावून पाहिला आणि खबरदारी म्हणून खोबरेलाचीच बाटली आणायला गेली. मी धूम ठोकली. त्या दिवशी केस नारळाच्या सोडणासारखे वाळून उभे होते, पण फळीला नुसता फणसाच्या लाकडाचा वास होता. सरस लावला, दोरी आवळली आणि हात पाठीमागे बांधून बसले.

दुसऱ्या दिवशी गुरुजी पाटावर उभे राहिले. एकाच पायावर, कारण दोन मावत नव्हते. जोडाने हूं की चूं केलं नाही. त्यांनी अळशीच्या तेलाचं फडकं माझ्या हातात दिलं. "पातळ," म्हणाले.

घरी आजी दोनदा त्यावर बसायला गेली आणि दोन्ही वेळा जमिनीवर टेकली. "मांजरासाठी केलास का गं?"

"आजी, जोड बघ ना, जोड!"