टाकीतली दुपार

आमच्या घरात लाड दोघांचेच होतात, सासऱ्यांचे आणि प्रवाळांचे. सासऱ्यांचे होतात ते बरंच आहे, त्यांनी आयुष्यभर कोणाकडून करून घेतले नाहीत. पण प्रवाळांनी माझ्या डोक्याचा पार भुगा केला आहे.

प्रवाळ म्हणजे पुढच्या खोलीतल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत दगडांना चिकटून बसलेले जीव. दिसायला फुलं, नखरे जावयाचे. त्यातला पंज्याएवढा जांभळा पांढरा पडत चालला, हिरवा उघडेनासा झाला. नवरा पंखे-मिक्सर दुरुस्त करतो. बंद पडलेल्या यंत्राचं दुखणं त्याला हात लावताच कळतं, अशी त्याची ख्याती. त्याने घरात तपास सुरू केला आणि पहिला संशय अर्थातच माझ्यावर घेतला.

फिनेल बंद. डोक्याला तेल लावून टाकीजवळ फिरकायचं नाही. तळण करायचं तर स्वयंपाकघराचं दार लावून. डासांच्या फवाऱ्याचं तर नावच काढायचं नाही. रोज संध्याकाळी हा काचेच्या नळीत पाणी घेणार, त्यात तपासणीचे थेंब टाकून रंग बघणार आणि म्हणणार, "पाणी एकदम ठणठणीत आहे."

"मग मलाच पाज थोडं," मी एकदा म्हटलं. "या घरात कोणीतरी ठणठणीत राहायला हवं."

टाकीवरचा दिवा टायमरवर चालतो. एक गोल तबकडी असते, वीज असेपर्यंत घड्याळासारखी फिरते, सकाळी दिवा लावते, रात्री घालवते. तीही रोज मागे पडायला लागली. नवऱ्याने ती उघडली, साफ केली, शेवटी नवी आणली. नवीही मागेच. "हल्लीचा मालच भिकार," असं म्हणून हा तबकडी पुढे सरकवायचा आणि पुन्हा थेंब टाकत बसायचा. याच्या डोक्यात प्रकाश पडेल तर शपथ!

सासरे औषधांच्या कारखान्यात पहारेकरी होते. उभी नोकरी रात्रपाळीत गेली. सकाळी घरी यायचे ते एका खोलीत. खिडकीतून ऊन थेट तोंडावर, शेजारी गाड्या ठोकायचं गॅरेज आणि उशाशी चेंडू आपटणारा माझा नवरा. डोळ्यांवर ओला टॉवेल टाकून नुसते पडून राहायचे, असं सासूबाई सांगायच्या. सासूबाई गेल्या आणि सासऱ्यांनी खुर्ची भिंतीकडे वळवली. बोलणंच टाकलं. टाकी आली तेव्हा ती खुर्ची फिरली. सतत गस्त घालणाऱ्या नारिंगी माशाला त्यांनी हवालदार असं नाव दिलं, आणि त्याच्याशी बोलता बोलता आमच्याशीही बोलायला लागले. म्हणून तर मी फिनेलवर पाणी सोडलं, नाहीतर ऐकते कोण!

एका संध्याकाळी नवऱ्याने जाहीर केलं, "रविवारी दुकानदार टाकी घेऊन जाईल. मला नाही बघवत यांचं मरण."

सासरे भरल्या ताटावरून उठले. मला नवऱ्याचा असा राग आला म्हणून सांगू! टाकी गेली की खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळणार, एवढंही याला दिसत नव्हतं.

मी दातांच्या दवाखान्यात कामाला आहे. त्याच आठवड्यात आमच्या डॉक्टरांचीच दाढ ठणकली आणि मला अर्ध्या दिवसाची सुट्टी मिळाली. दुपारी घरी आले तर पुढची खोली काळोखी. पडदे ओढलेले. पंप घुरघुरत होता, पण टाकीवर दिवा नव्हता. भिंतीवरचं बटणच बंद होतं. खुर्चीत सासरे, ओठांवर बोट ठेवून.

"हळू, सूनबाई. डोळा लागलाय त्यांचा."

"बाबा, दिवा तुम्ही बंद केलात?"

"रोजच करतो, तुम्ही गेलात की. तुम्ही यायच्या आत परत लावतो. त्याला आल्या आल्या बघायचं असतं ना. पण दिवसभर डोळ्यांवर एवढा उजेड, बिचाऱ्यांनी झोपायचं कसं?"

बटण बंद झालं की तबकडी थांबणार आणि मागे पडणार. हे मला उभ्या उभ्या कळलं, आणि आमच्या मेकॅनिकने दोन टायमर झिजवले! प्रवाळ उजेडावरच जगतात, हे त्यानेच मला शंभरदा ऐकवलेलं. रोज भर जेवणात त्यांच्यापुढचं ताट उचललं जात होतं, तेही इतक्या मायेने. कपाळावर हात मारावा की रडावं, मला कळेना.

संध्याकाळी मी नवऱ्याला दारातच गाठून सगळं सांगितलं. तो तरातरा आत गेला.

"बाबा!"

सासरे दचकून खुर्चीतून अर्धे उठले. "माझं काही चुकलं का रे?"

नवऱ्याने हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्यांच्या खुर्चीजवळ खाली बसला.

"नाही, बाबा. पण हे रात्री झोपतात. यांना दिवसपाळी आहे."

सासरे टाकीकडे वळले.

"दिवसपाळी," ते म्हणाले. "नशीब काढलं."

दुकानदाराला नको म्हणून कळवलं. बटणाला आता कोणी हात लावत नाही. जांभळा अजून रुसलेलाच आहे, पण कडेने रंग धरतोय. फिनेलवरची बंदी उठवायची मात्र तपास अधिकाऱ्यांना आठवण नाही. वर नवा जाच सुरू झालाय. रात्री टाकीवरचा दिवा गेला की सासरे टीव्हीचा आवाज बंद करतात, आणि आम्ही आपल्याच घरात चोरासारखे जेवतो. परवा माझ्या हातून ताटली निसटली तर नवऱ्याने डोळे वटारले. उशाशी चेंडू आपटणारा हाच तो. आता दिवा गेला की चमच्याचाही आवाज होऊ देत नाही.