कवडीखाली ठेवलेली पिल्लं

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. दादाला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? कोण जाणे. तुम्ही मला ओळखत नाही, कदाचित एवढंच कारण असेल.

गोष्ट कोंबडीच्या पिल्लांची आहे. ऐकून हसाल. हसलात तरी चालेल.

माझी आई कशेळ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या आमच्या गावात एकटी राहायची. बाबा गेल्यावरही तिनं घर सोडलं नव्हतं. दादा पुण्याला, मी नेरळला. आम्ही दोघं दर फोनला तेच म्हणायचो — आता पुरे, इकडे ये. ती म्हणायची, ‘कोंबड्या कोन बगंल?’ आणि विषय संपायचा.

कोंबड्या म्हणजे आठ-दहाच. पण गावात कुणाची कोंबडी खुडूक झाली, अंडी उबवायला बसली, की बाया आधी आईला विचारायला यायच्या. किती अंडी ठेवू, कुठल्या कोपऱ्यात ठेवू, उठली तर काय करू. वाडीवरच्या बायासुद्धा यायच्या. आई शाळेत चौथीपर्यंतच गेली होती. पण या बाबतीत तिचा शब्द खाली पडत नव्हता.

चार वर्षांपूर्वी ती ओट्यावरून पडली आणि उजवा हात मोडला. प्लास्टर घातलं. मी रजा टाकून गेले.

त्या वेळी तिची तांबडी कोंबडी एकवीस दिवस अंड्यांवर बसून होती. एकही अंडं फुटलं नाही, सगळी नासली. तरी तांबडी उठेना. आई म्हणाली, ही अशीच बसून झुरंल. मग तिनं मला कशेळ्याच्या बाजारात पाठवून दहा पिल्लं आणवली, एका दिवसाची, भोकं पाडलेल्या खोक्यातून.

परकी पिल्लं कोंबडीला द्यायची तर उजेडात देत नाहीत. दिवे लागायच्या सुमाराला, कोंबडी पेंगुळली की मागून हात घालायचा, एक अंडं काढायचं, एक पिल्लू सरकवायचं. सकाळी जाग आली की तिला वाटतं, आपलीच. हे सगळं आई नेहमी स्वतःच्या हातानं करायची. त्या दिवशी हात गळ्यात बांधलेला होता, म्हणून मला सांगितलं.

पडवीत दोन कोंबड्या खुडूक होत्या. तांबडी लाकडांच्या मोळ्यांमागे, अगदी आत. आणि दाराजवळच्या पाटीत कवडी — अंगावर पांढरे ठिपके, म्हणून कवडी.

आईनं सांगितलं, ‘तांबडीखाली सोड गं. कवडी नको. ती दोन दिवसांमागं बसलीय, तिच्यात आजून माया आली नाय.’

मी इतकी वर्षं मनाशी म्हणत आले, की मला नीट ऐकू आलं नव्हतं. दादाचा फोन चालू होता, मोबाईल खांद्यावर दाबून धरला होता, लक्ष नव्हतं. दादा म्हणत होता, हात बरा झाला की तिला सरळ घेऊन ये, विचारत बसू नकोस. मी हो हो करत होते.

पण मला ऐकू आलं होतं.

स्पष्ट आलं होतं. ते मायेचं वाक्यसुद्धा. तुम्हाला आत्ता जसंच्या तसं सांगितलं ना?

तांबडीपर्यंत जायचं तर मोळ्या सरकवाव्या लागणार होत्या. तिथं अंधार होता, कोळ्यांची जाळी होती. मी दमले होते. कवडी हाताशी होती. मी म्हटलं, कोंबडी ती कोंबडी. दोघी खुडूकच. काय फरक पडतो? पाच मिनिटांत दहाही पिल्लं कवडीखाली सरकवली. ती गुरगुरली. मी वर फळी ठेवली आणि आत आले.

आईनं विचारलं, ‘घेतली का गं तिनं?’

‘घेतली,’ मी म्हणाले.

सकाळी मला जाग आली तेव्हा आई पडवीत बसली होती. पुढ्यात सूप. सुपात आठ पिल्लं ओळीनं ठेवलेली. डोकी टोचून फोडलेली. उरलेली दोन तिनं पदरात धरली होती, डाव्या हातानं.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर — नाही, तरी मी तेच बोलले असते.

‘आगं, ही कवडीखाली कशी गेली?’

‘तूच म्हणालीस, कवडीखाली सोड.’

हे इतक्या पटकन आलं. मी दातही घासले नव्हते.

‘मी? मी कवडी म्हनाली?’

‘हो आई. मी दोनदा विचारलं तुला.’

दोनदा कुठून आलं? तिनं तर पुरावा मागितलाही नव्हता. खोटं बोलणं एक वेळ समजतं, पण वर ही भर कशाला?

ती माझ्याकडे बघत राहिली. संशयानं नाही हं. मी तिच्या तोंडाकडे नीट पाहिलं, म्हणून सांगते. ती माझ्यावर संशय घेतच नव्हती. ती आत कुठंतरी स्वतःचंच बोलणं शोधत होती, आणि ते तिला सापडत होतं — ‘तांबडी’ असंच सापडत होतं, मला खात्री आहे. आणि तरी तिनं ते खोडलं. कारण मुलगी सांगत होती.

‘आसंल,’ ती म्हणाली. ‘आलीकडं काय ध्यानात ऱ्हात नाय.’

दुपारी दादाचा फोन आला. मी त्याला सांगितलं, की आई आता विसरते. आई चुलीपाशीच होती. दादा म्हणाला, ‘बघ, मी म्हणत होतो ना.’ मला वाईट वाटलं का? वाटायला हवं होतं. त्या वेळी मला फक्त एवढं दिसलं की आता ती येईल.

आली. भातकापणी झाल्यावर कोंबड्या शेजारच्या पारूकाकीला देऊन टाकल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या घरात आली. एकदाही नको म्हणाली नाही.

इथं आल्यापासून ती सगळं विचारून करते. डाळीत मीठ टाकलं का मी? दार लावलं का? गोळी खाल्ली का? खाल्लेली असते. लावलेलं असतं. मी म्हणते, ‘हो आई,’ आणि कामाला लागते.

एकदा पारूकाकीचा फोन आला. तिची कोंबडी मधेच अंड्यांवरून उठत होती, काय करू म्हणून विचारत होती. आई म्हणाली, ‘मला नको इचारूस, पारू. माझ्या सांगन्यात चूक व्हते.’ फोन माझ्या हातात दिला आणि खिडकीशी जाऊन बसली. मी भाजी निवडत होते. निवडत राहिले.

मागच्या महिन्यात तिला कर्जतला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी बरंच विचारलं. महिना कुठला, नातवंडांची नावं, वीसपासून उलटे आकडे. तीन वस्तू सांगितल्या आणि दहा मिनिटांनी पुन्हा विचारल्या. आईनं तिन्ही सांगितल्या. डॉक्टर हसून म्हणाले, ‘आजी, तुम्हाला काहीही झालेलं नाही.’

आई नाही हसली. म्हणाली, ‘नाय ओ डॉक्टर. माझ्या चुकीनं आठ पिल्लं मेली. हिला इचारा, ही हुती तिथं.’

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. आईनंही पाहिलं.

सांगायला किती वेळ लागला असता? एक वाक्य. खोलीत तिघंच होतो. बाहेर नंबर लावून बसलेल्यांपैकी कुणाला ऐकूही गेलं नसतं.

मी फाईल उचलली. म्हणाले, ‘वय झालंय ना आता.’

डॉक्टरांनी मान हलवली. आईनंही हलवली.

दवाखान्याच्या दाराशी चपलांचा ढीग होता. आई वाकली, एका जोडीवर पाय ठेवला आणि थांबली.

‘हीच ना गं माझी?’

तिचीच होती. मी हो म्हणाले.