पाटीवरचं हलाल

१० फेब्रुवारी १९७८. उद्याच्या खानावळीसाठी पाच किलो कांदा चिरून झाला. डोळे चुरचुरतायत, ते कांद्यानंच.

दुष्काळाच्या साली सांगोला सोडलं, तेव्हा एसटीच्या खिडकीशी अब्बा उभे होते. अब्बा गावचे मुलाणी. मराठ्याच्या घरचं जेवण असो की धनगरांची जत्रा, बकऱ्यावर सुरी त्यांचीच. रडारड त्यांना जमत नसे. म्हणाले, "तितं माजं नाव कुणाला ठावं न्हाय. मटण घेशील तर आदी डोळ्यानं बघ. जनावराला पाणी दावलं का, सुरी त्याच्या नजरंआड हाय का, अल्लाचं नाव घेतलं का. मग पिशवी फुडं कर."

पहिलं वर्षभर मी तसंच केलं. मग यांच्या गिरणीच्या पाळ्या, दोन पोरं, वर पंधरा माणसांची खानावळ. इथं सोलापुरात मटणाच्या दुकानावर 'हलाल' अशी हिरवी पाटी होती. तिच्या भरवशावर निरोप धाडू लागले, मटण घरी येऊ लागलं. पुढं पाटीकडेही बघेनाशी झाले.

आज दुपारी नवं गिऱ्हाईक आलं, बदली होऊन आलेला पोस्टातला कारकून. ताटाला हात न लावता म्हणाला, "खाला, बुरा मत मानो. काटा किसने?"

"मी सांगोल्याच्या मुलाण्याची लेक हाय," मी ठसक्यात सांगितलं.

"होंगे. पर ये अब्बा ने तो नहीं काटा ना?"

सगळे हात थांबले. रोज माझ्या शब्दावर जेवणारी माणसं. एक विणकर म्हणाला, "चाची, आज तुमची परीक्षा हाय की!" कुणी हसलं नाही. ती पाटी कुणी लावली, कुणी तपासली, मला ठाऊक नव्हतं. मी पातेल्यावर झाकण ठेवलं. "आज डाळ खा. उद्या सहाला माझ्याबरोबर चल."

सांगोल्यात अब्बांचं नाव पुरत होतं, म्हणून ते घर वाटायचं. इथं माझं पुरायला हवं. पुरेल.

११ तारीख. सकाळी कारकुनाला घेऊन दुकानामागच्या आवारात गेले. कसाई फुरंगटला, "पाँच साल बाद आज झडती, भाबी?" सुरीला धार होती. बकऱ्यापुढची बादली मात्र कोरडी.

"थांबा," म्हटलं. पदर खोचला, नळावर बादली भरली, बकऱ्यापुढं ठेवली. ते पोटभर प्यालं.

"आता सुरी मागं धरा, अन् नाव घ्या."

मटणाची पिशवी कारकुनानं उचलली. मी रिकामी बादली कसायाच्या हातात दिली आणि सांगितलं, उद्या सहाला परत येते.