आधीच्याचं गार पाणी

फ्रिजवाल्याला मत्सराची खोड जन्मजातच. समोरच्यांनी दाराला नवा रंग दिला की याच्या पोटात दुखायचं. वरच्या मजल्यावर कुणाला बढती मिळाली तर हा अभिनंदन असं करायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं आपल्या घरी कुणी गेलंबिलं की काय. एरवी माणूस सोन्यासारखा. बंद पडलेल्या फ्रिजच्या पाठीला कान लावायचा, डोळे मिटायचा आणि डॉक्टरानं सांगावं तसं सांगायचा, ‘कॉम्प्रेसर ठणठणीत आहे, गॅस गेलाय.’ ‘नवीन घ्या’ हे शब्द त्याच्या तोंडून कधी कुणी ऐकले नाहीत. जुनं टाकायचं नाही, हा त्याचा बाणा.

त्याची बायको शिवणकाम करते. लग्न दोघांनी केस पांढरे व्हायला लागल्यावर केलं. तिनं जुना फ्रिज घेतला होता, तो यानं दुरुस्त करून दिला, आणि मग तो नीट चालतोय ना हे बघायला इतक्या वेळा आला की अख्खा जिना दाराआडून हसत होता. फ्रिज नीट चालत होता. बिघडला होता तो वेगळाच कुणीतरी.

ती विधवा होती. पहिला नवरा ट्रक चालवायचा, प्यायचा, आणि हात उगारायचा. एकदा त्यानं तिचा हात असा पिरगाळला की कोपर आजही पुरतं सरळ होत नाही. शिलाई मशीनही विकून बसला होता. शेवटी यकृतानं गेला. घरात त्याचं नाव कुणी घेत नसे. विषय निघालाच तर ‘आधीचा’ म्हणायचे.

आता गंमत बघा, अख्ख्या जगावर कुढणाऱ्या आमच्या फ्रिजवाल्याला या आधीच्याबद्दल कधी काही वाटलं नव्हतं. मेलेल्या माणसाचा, त्यातही असल्या नालायकाचा, कोण मत्सर करणार? उलट आधीचा हा त्याचा मनातून आवडताच होता. त्याच्याशेजारी उभं केलं की कुणीही देवमाणूस दिसतो.

बिनसलं ते एका प्रवचनानं. सुट्टीच्या दिवशी दोघं प्रार्थनाघरात जायची. तिथले उपदेशक एरवी मुंगीला वाट देणारे, पण त्या दिवशी विषय होता नरक. तिथला दरवाजा एकदा लागला की लागला, ते सांगत होते. आग विझत नाही, तहान भागत नाही, आणि शिक्षा भोगून सुटला असं तिथे होतच नाही. फ्रिजवाला खूश होऊन ऐकत होता. कोपऱ्यावरच्या दुसऱ्या मेकॅनिकला त्यानं मनातल्या मनात तिथे पोचवूनही टाकलं होतं. शेजारी बायको पांढरीफटक पडलीय, हे त्याला घरी येईपर्यंत दिसलं नाही.

त्या संध्याकाळी तिनं फ्रिजमधल्या बाटलीतून एक पेला पाणी ओतलं, वर बशी झाकली आणि खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून दिलं. त्यानं विचारलं, कुणाला? ती सरळ म्हणाली, त्यांना. शेवटच्या आजारात ते सारखं पाणी मागायचे, डॉक्टरांनी मोजून मापून द्यायला सांगितलं होतं, मी चमच्यानं द्यायची. तहानलेलेच गेले. आता तिथेही तहानच असेल तर काय करायचं? पोचेल न पोचेल, आपण ठेवायचं.

फ्रिजवाल्यानं तो शब्द मनातल्या मनात पुन्हा उच्चारला. त्यांना! आजवरचा ‘आधीचा’ एका प्रवचनात ‘ते’ झाला होता. आणि पाणी कुणाच्या फ्रिजमधलं? ज्याच्या दाराचं रबर यानं स्वतःच्या हातानं बदललं, ज्याचा गॅस यानं भरला, त्या फ्रिजमधलं. अंगाखाली गादी माझी, डोक्यावर पंखा माझा, आणि गार पाणी त्या हरामखोराला. रात्रभर तो कूस बदलत राहिला.

सकाळी तो तिच्या आधी उठायचा, दुधाच्या दुकानातले मोठे फ्रिज बघायला जावं लागे. चहाचं आधण ठेवायच्या आधी खिडकीशी गेला, बशी बाजूला केली आणि पेला एका दमात रिकामा केला. घे म्हणाला, आता चाट ओठ. बशी पुन्हा झाकली आणि शीळ घालत कामाला गेला.

दुपारी जेवायला आला तर घर हसत होतं. मशीन धावत होतं, बायको गुणगुणत होती. पाणी पोचलं म्हणाली. झाकण जसंच्या तसं आणि पेला कोरडा. दरवाजा बंद असेल पण त्याला फट आहे, एवढी दया आहे तिथे. बोलताना तिचे डोळे भरले होते. यानं हातातला घास परत ताटात ठेवला. खरं सांगावं तर आपण भुतावर रुसून पाणी पिणारे ठरतो. न सांगावं तर तो तिकडे बसून रोज पाहुणचार घेणार.

नाही सांगितलं. आणि पाहुणचार वाढला. आधी साधं पाणी, मग लिंबाचं सरबत, कारण ‘त्यांना आंबटगोड आवडायचं.’ मग नेहमीचा पेला जाऊन काचेचा ग्लास आला, जो पाहुण्यांखेरीज कपाटातून निघत नसे. फ्रिजवाला रोज पहाटे चोरासारखा उभा राहून ते सरबत प्यायचा आणि कडू तोंड करायचा. सरबत फर्मास असायचं, तीच तर चीड होती. मला कधी असं करून दिलं होतं का हिनं, असा विचार करत करत शेवटचा थेंबही तो जिभेवर झटकायचा. स्वतःच पिऊन दुसऱ्यावर कुढणारा माणूस आम्ही तरी हा एकच पाहिला.

शेवटी त्यानं ठरवलं, पुरे झाली मेजवानी. प्यायचंच नाही. भरलेला ग्लास ती बघेल, कुणी येत नाही हे कळेल, दोन दिवस रडेल आणि विसरेल.

पहिल्या सकाळी ग्लास भरलेला दिसला तेव्हा तिनं बशी पुन्हा नीट झाकली. दुसऱ्या सकाळीही तेच. त्या दिवशी तिनं एका गिऱ्हाइकाच्या झग्याला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या. जेवायला बसली, पण पाण्याला हात लावेना. त्यानं पेला पुढे सरकवला तर म्हणाली, घशाखाली उतरत नाही हो. फट होती ती बुजवली कुणीतरी. त्यांना वाटत असेल, ही पण कंटाळली.

फ्रिजवाला मनातून चरकला. आधीचा जायच्या ऐवजी आता चोवीस तास घरात बसला होता. आणि त्याला पहिल्यांदाच उमजलं की यात खरा घोटाळा वरच्याचा आहे. शिक्षा कायमची असेल तर हिची कीवही कायमची. उद्या आपण दोघं देवाच्या कृपेनं स्वर्गात गेलो, तरी ही तिथल्या कठड्यावरून खाली वाकून बघत बसणार, आणि आपल्याला अनंत काळ दिसणार काय, तर बायकोची पाठ. असला स्वर्ग कुणाला हवाय? त्यापेक्षा एकदाची त्या माणसाला माफी देऊन मोकळं का करत नाहीत?

तो उपदेशकांच्या घरी गेला. त्यांच्या फ्रिजचं थर्मोस्टॅट केव्हाचं कुरकुर करत होतंच. पाठ उघडून बसला आणि स्क्रू काढता काढता विचारलं, ते नरकाचं काही कमी-जास्त होत नाही का? समजा एखाद्या पिणाऱ्या, मारणाऱ्या माणसाची वागणूक तिथे सुधारली, किंवा इकडून कुणी रदबदली केली? उपदेशक म्हणाले, तसं लिहिलेलं नाही. मग हा म्हणाला, तुम्ही एखादं प्रवचन तसं द्या की, लिहिलेलं राहू दे. उपदेशक हसले नाहीत. फ्रिजच्या उघड्या पाठीकडे बघत हळूच म्हणाले, ‘माझे वडीलही तुम्ही म्हणता तसलेच होते. तो विषय मी वर्षातून एकदाच घेतो, आणि त्या रात्री मला झोप लागत नाही.’

मजुरी न घेताच फ्रिजवाला उठला. उपदेशकाला झोप नाही, बायकोला पाणी जात नाही, आणि आधीचा आहे तिथेच.

तिसऱ्या सकाळी तो खिडकीशी गेला. सरबत होतं. तिनं आदल्या संध्याकाळीही ठेवलंच होतं, साखर जरा जास्तच घालून. त्यानं ग्लास उचलला. या खेपेला ‘चाट ओठ’ वगैरे काही सुचलं नाही. म्हणाला, पी बाबा, पी एकदाचा, तिला दोन घोट पिऊ दे. आणि ग्लास तोंडाला लावला.

मागे वळला तर दारात बायको.

‘सगळे दिवस तुम्हीच?’ तिनं विचारलं.

‘हो.’

ती मशीनपुढच्या स्टुलावर बसली. यानं हातातला रिकामा ग्लास खाली ठेवला नाही, जणू तो ठेवला तर गुन्हा कबूल होईल.

‘आणि मधे का थांबलात?’

‘तो तुझ्या मनातून जावा म्हणून. त्यानं तुझा हात मोडला, मशीन विकलं, आणि ग्लास काचेचा. न्याय म्हणून काही आहे का नाही?’

‘हात माझा मोडला,’ ती म्हणाली. ‘शिक्षा किती ते मला कुणी विचारलंय? थोडे चटके बसू देत, मी कुठे नाही म्हणते. मीच पुढे होऊन दोन दिले असते. पण कायमचं? वाकडा का होईना, माझा हात तर केव्हाच जुळून आला.’

फ्रिजवाला खाली मान घालून उभा राहिला. आता ही बॅग भरणार आणि बहिणीकडे जाणार, असं त्याला दिसायला लागलं होतं. एवढ्याशा ग्लासापायी बायको जाणार, आणि तेही आपण मेलेल्या माणसाकडून हरून.

‘मग आज का प्यालात?’

‘तुझं तोंड बघवेना.’

 मग तिच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ‘समोरच्यांनी पायपुसणं बदललं तरी तुम्हाला चार दिवस अन्न गोड लागत नाही. तुमच्याइतका जळका माणूस मी जन्मात पाहिला नाही. त्या तुम्हाला माझी तहान दोन दिवस बघवली नाही, आणि तेही ज्याचं तोंड पाहिलं नाही अशा माणसापायी. मग ज्यानं त्यांना घडवलं, त्याला त्यांची तहान कायमची बघवत असेल?’

‘पण उपदेशक तर...’

‘तुम्ही सहा वेळा उघडून बघितल्याशिवाय कुणाचा फ्रिज भंगारात काढत नाही. वरच्याला तेवढीही माया नसेल का?’

ती उठली, फ्रिज उघडला, बाटली काढली आणि उभ्या उभ्या घटाघटा पाणी प्यायली. फ्रिजवाल्यानं तो आवाज कान देऊन ऐकला. कॉम्प्रेसर सुरू झाल्यावर ऐकायचा तसा.

त्या संध्याकाळी कट्टा रिकामा राहिला. पाणी पोचवायची गरज उरली नाही म्हणाली, बघणारा आहे तिथे. काचेचा ग्लास कपाटात परत गेला. मशीन सुरळीत चालू झालं, त्या झग्याची एक बाही उसवून उजवी लावली गेली. माणसानं आता निवांत व्हायला हरकत नव्हती.

पण खोड जन्मजात. जेवताना फ्रिजवाल्याचा हात मध्येच थांबला. 

‘म्हणजे सुटला असेल तो आता,’ म्हणाला.

‘सुटले असतील.’

‘म्हणजे वर पोचला असेल. माझ्या आधी.’

‘असतील पोचले.’

‘म्हणजे मोक्याची जागा तोच धरून बसणार,’ फ्रिजवाला म्हणाला. ‘मी येईपर्यंत दारात उभा राहील, मोठा यजमान असल्यासारखा. मग तू कुणाशेजारी बसणार तिथे?’

बायकोनं त्याच्या ताटात आणखी थोडं वाढलं. ‘तुम्ही घोरता,’ ती म्हणाली, ‘आणि ते दात खायचे. मी एकटीच बसेन.’

 जेवण झाल्यावर, हात धुता धुता, अगदी सहज विचारल्यासारखं त्यानं विचारलं, की ते लिंबाचं सरबत तेवढं घरातल्या जिवंत माणसाला मिळण्याची काही सोय आहे का. आणि ग्लास काचेचाच हवा.