धारेच्या वेळी टॉवर बंद

कागलच्या हायवेवर दुपारी साडेतीनची गाडी होती. धाकट्या भावानं, शांतूनं, माझी बॅग मोटरसायकलच्या टाकीवर आडवी ठेवून आणली, गाडीच्या डिकीत स्वतः सरकवली आणि पँटला हात पुसत म्हणाला, "अण्णा, दोन वर्षं. मी काय दिवस मोजत बसत न्हाय. तू मोज." मी हसलो. घरातून निघताना अप्पा दारातल्या खाटेवर बसले होते. अर्धांगवायूनं डावी बाजू गेलेली. उजवा हात वर करून ते एवढंच म्हणाले होते, "पाळी चुकवू नगंस."

पाळीचा नियम अप्पांनीच घातला होता. आई आधीच गेलेली. अप्पांना उठवायला-बसवायला आणि चार म्हशींच्या दोन वेळच्या धारा काढायला घरात एक जण लागायचाच. म्हणून एकानं जायचं, एकानं राहायचं. गेलेला परत आला की राहिलेला निघणार. मी थोरला, म्हणून पहिली पाळी माझी. कागलच्या एमआयडीसीतल्या फाउंड्रीतून मी दोन वर्षांसाठी जर्मनीतल्या एका कारखान्यात निघालो होतो. माझ्यानंतर शांतू. त्याला विमानतळाच्या टॉवरवर बसून विमानांना वाट देणारा कंट्रोलर व्हायचं होतं. फिजिक्स घेऊन बीएस्सी केली ती त्यासाठीच. उजळाईवाडीच्या विमानतळाकडं जाणारं विमान ऐकू आलं की धार अर्धी टाकून हा अंगणात पळायचा, आणि म्हैस बादलीला लाथ घालायची.

माझी दोन वर्षं संपत आली त्याच महिन्यात शांतू परीक्षा पास झाला. ट्रेनिंगचं बोलावणं त्याच्या हातात आलं. आणि त्याच आठवड्यात माझ्या साहेबानं नव्या कॉन्ट्रॅक्टचा कागद माझ्यापुढं ठेवला. मी तो तिथंच, उभ्या-उभ्या, सही करून दिला.

आजवर हे कुणाला पुरतं सांगितलेलं नाही, म्हणून नीट सांगतो. माझ्यावर कसलीही सक्ती नव्हती. मला तिथं बरं वाटत होतं, एवढंच कारण. स्वतःची एक खोली होती. रविवारी सकाळी मला कुणी उठवत नव्हतं. हिवाळ्यात हायत्सुंग, म्हणजे खोली गरम करायचा हीटर, लावून खिडकीशी कॉफी घेऊन बसलं की कुणाचा तरी मुलगा, कुणाचा तरी भाऊ असल्याचं विसरायला व्हायचं. पण घरी फोन करून मी म्हणालो, "कंपनीनं बाँड वाढवलाय. मोडला तर केस घालतील." शांतू म्हणाला, "केस नगं बाबा. ऱ्हा तू. मी बघतो हिकडं." त्यानं बोलावणं सोडून दिलं. पुढच्या खेपेला त्याचं वय बसलं नाही.

बाँड नव्हता. कधीच नव्हता.

पुढं मी दर दोन-तीन वर्षांनी गावाकडं जायचो. चॉकलेटं, अप्पांना मऊ स्वेटर, शांतूला घड्याळ. तो ते घड्याळ धारेच्या वेळी काढून खुंटीला अडकवायचा. सहा वर्षांपूर्वी अप्पा गेले. मी विमानात असतानाच त्यांना अग्नी दिला होता. दारातच मी शांतूवर ओरडलो, "एक दिवस थांबता आलं नाही? माझी वाट बघायची नाही?" तो माझी बॅग उचलून आत घेऊन गेला. मी जर्मनीला परत आलो आणि त्याच्याशी फोनवर बोलणं बंद केलं. माझ्याशी दगा झाला, असं मी सगळ्यांना सांगत होतो. आता कळतं, तो रुसवा मला फार सोयीचा होता. रुसलेल्या माणसाला कुणी प्रश्न विचारत नाही.

गेल्या हिवाळ्यात मी सिम्युलेटर घेतला. कॉम्प्युटरवर विमान चालवायचा हा खेळ. जॉयस्टिक, हेडफोन आणि सामानाच्या खोलीतली एक खुर्ची. जगातला कुठलाही विमानतळ निवडता येतो. मी कोल्हापूर टाइप केलं. शिकणाऱ्यानं सुरुवातीला एकच गोष्ट करायची असते, तिला सर्किट म्हणतात. उडायचं, दोनदा डावीकडं वळायचं, धावपट्टीला समांतर उलटं जायचं, पुन्हा दोनदा डावीकडं वळून जिथून उडालो तिथंच उतरायचं. कुठंही जायचं नाही. निघायचं आणि परत यायचं. मला ते चार महिने जमलं नाही.

या खेळातल्या हौशी लोकांचं इंटरनेटवर एक जाळं आहे. काही जण विमानं उडवतात, काही जण घरातून टॉवर चालवतात. एका रविवारी, माझ्याकडं दुपार असताना, यादीत कोल्हापूर टॉवर उघडा दिसला. मी इंग्रजीत परवानगी मागितली. उत्तरही नियमाप्रमाणं इंग्रजीतच आलं, आणि मागून एक म्हैस हंबरली. माइक चालू ठेवूनच तो तिला म्हणाला, "आगं गप की, माझे आई!"

सहा वर्षांनी मी शांतूचा आवाज ऐकत होतो.

माझं विमान धावपट्टीवरून गवतात गेलं. तो मराठीत हसला. "कुटलं तुमी पावणं?" मी आवाज बदलून, पुस्तकातल्यासारखं बोललो, "सांगलीचा. देशपांडे." तो म्हणाला, "मग हिकडं का धडपडताय? सांगलीला विमानतळ न्हाय म्हणून व्हय?"

त्यानं मला ओळखलं नाही, याचं मला वाईट वाटलं. स्वतःचं नाव लपवलं ते मीच, आणि वाईटही मलाच वाटलं.

तेव्हापासून दर रविवारी मी देशपांडे झालो. आकाशात दुसरं कुणी नसलं की तो मराठीत शिकवायचा. खोटं आकाश, पण शिकवणं खरं. समांतर जाण्याच्या टप्प्याखाली आमच्या गावाचा माळ येतो. तिथं आलो की मी खाली बघत राहायचो आणि वळायला उशीर करायचो. "पावणं, किती लांब चाललायसा? बेळगावला जेवाय जाताय काय?" मग समजावून सांगायचा, "डाव्या खांद्यावरनं मागं बगा. धावपट्टीचं टोक खांद्याच्या मागं सरकलं की वळायचं. तवाच. लई लांब गेलं की मग परत याय उंची पुरत न्हाय." बरोबर साडेपाचला तो म्हणायचा, "टॉवर बंद. धारेची वेळ झाली." आणि यादीतून त्याचं नाव जायचं.

मग एका रविवारी पहिल्यांदा माझं सर्किट नीट झालं. चाकं टेकली ती कळलीसुद्धा नाहीत. "आरं वा! पेढं आणा पावणं," तो म्हणाला. आनंदाच्या भरात मी विचारून गेलो, "तुम्ही इतकं छान शिकवता, खऱ्या टॉवरवर का नाही गेलात?"

"जायचं व्हतं की. पास झालतो. पाळी यायची व्हती माझी." मग अगदी सहज, म्हशीच्या आजाराबद्दल बोलावं तसं, तो बोलत राहिला. "थोरला भाऊ हाय जर्मनीत. त्येला कंपनीनं बाँडात अडकिवला. गावात लोकं म्हणत्यात, भावानं फसिवला तुला. मी म्हणतो, तोंड सांभाळून बोला. पाळी अण्णानं चुकिवली न्हाय, कंपनीनं चुकिवली. आता बोलत न्हाय त्यो माझ्याशी. अप्पाच्या वक्ताला थांबायचं व्हतं त्येच्यासाठी, पर अप्पाच म्हणालं व्हतं, माझ्यापायी त्येला घाई नगं, त्येच्यासाठी थांबू नगा, केस करतील पोरावर."

मी पुन्हा उडालो. दुसरं काय करणार? पहिलं वळण, दुसरं वळण. खाली आमचा माळ. माझा बाप माझ्या खोट्याला घाबरून, माझी वाट न बघता गेला होता, आणि मी त्या दारात उभा राहून ओरडलो होतो. शेवटचं वळण घेतलं. धावपट्टी समोर सरळ आली, रिकामी, लख्ख. तोंडातून घरची भाषा आली.

"शांत्या, बाँड न्हवता रं. मी अण्णा. मला हितंच ऱ्हायचं व्हतं, म्हणून खोटं बोललो."

हेडफोनमध्ये फक्त घरघर. मागं कुठंतरी बादलीची कडी वाजली. मग त्याचा आवाज आला, कामापुरता, कोरडा.

"गो अराउंड, पावणं. धावपट्टी मोकळी न्हाय."

म्हणजे उतरू नका, वर जा, पुन्हा फेरी मारा. धावपट्टीवर काहीच नव्हतं, मला दिसत होतं. तरी त्यानं शिकवलं होतं तसंच मी केलं. आधी इंजिनला जोर, मग नाक वर. वळून बघितलं तेव्हा टॉवर यादीतून गेला होता. साडेपाचला अजून अर्धा तास होता.

त्यानंतर तो टॉवर उघडलेला नाही. मी फोन केले, तो उचलत नाही. तुम्ही म्हणाल, तिकीट काढून जा की गावाकडं. जाईन. पण मला माहीत आहे, तो तांब्याभर पाणी देईल, चहा ठेवील, प्रवास कसा झाला विचारील, आणि साडेपाचला उठून गोठ्यात जाईल. आल्या-गेल्याला करतो तसं सगळं करील. मला त्याची शिवी चालेल, त्या चहाची भीती वाटते.

म्हणून आधी हे लिहितोय. गावातल्या लोकांसाठी: तुम्ही म्हणत होता तेच खरं होतं. शांतू खोटं बोलला नाही. मी सांगितलं तेच तो तुम्हाला सांगत आला. हे वाचून कुणी त्याला हसलं, तर ते हसू माझ्या नावावर लिहा. आणि माझ्यासारखे जे बाहेर आहात आणि घरी असला एखादा बाँड सांगून बसला आहात, त्यांनी आपापलं बघावं. मी कुणाला शिकवायच्या लायकीचा नाही.

टॉवर बंद असतानाही सर्किट मारता येतं. त्याचा नियम एवढाच की, ऐकणारं कुणी असो-नसो, आपण कोण आणि कुठं आहोत ते प्रत्येक टप्प्यावर मोठ्यानं सांगायचं. मी दर रविवारी सांगतो. देशपांडे नाही, माझं खरं नाव सांगतो. कोल्हापूर, मी अजित, माळावर आहे. कोल्हापूर, मी अजित, वळतोय. आता वळायला उशीर होत नाही, डाव्या खांद्यावरून मागं बघायची सवय लागली आहे. धावपट्टी समोर येते, रिकामी, लख्ख. आणि मी इंजिनला जोर देऊन पुन्हा वर जातो. मोकळी नाही असं तो म्हणाला होता, आणि मोकळी झाली असं त्यानं अजून सांगितलेलं नाही.